घर नावावर करण्याआधी

‘वृद्धाश्रमात जायच्या आधी फ्लॅट मुलाच्या नावावर करून मोकळं व्हावं’ असं एक मत वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. मोकळं कोण होतं, हाच प्रश्न आहे! २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. मुलांनी सांभाळलं नाही तर साठीपुढच्या माणसाने करून दिलेलं बक्षीसपत्र, म्हणजे हयातीतच घर दुसऱ्याला देऊन टाकल्याचा दस्त, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतं. पण हस्तांतरण सांभाळाच्या अटीवर झालं होतं हे दाखवावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये यावरच बोट ठेवलं. बक्षीसपत्रात मात्र बहुतेक वेळा ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी’ एवढंच लिहिलेलं असतं. करायचंच असेल तर अट कागदावर घाला. नाहीतर सरळ मृत्युपत्र करा, ते हवं तेव्हा बदलता येतं.

शिवाय आश्रम किंवा मुलाचं घर हे दोनच पर्याय नसतात. आमचे मामा सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे गेल्यावर त्यांनी स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिला आणि दोन गल्ल्या सोडून तळमजल्यावर भाड्याने राहायला गेले. वाणी तोच, डॉक्टर तेच, संध्याकाळचा कट्टाही तोच. मामी मात्र अजून गॅलरीसाठी हळहळते.