चार रॅम लावल्या की नवा पीसी गडबडतो, कृपया सल्ला द्या

प्रीतिसंगम
नमस्कार मंडळी. मी कराडचा, लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम करतो. तुळशीच्या लग्नानंतर श्वास घ्यायला वेळ नसतो, म्हणून दिवाळीतच नवा पीसी स्वतः जोडला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, रॅमचे चार स्लॉट असलेला बी६५० मदरबोर्ड आणि ६००० वेगाच्या डीडीआर५ रॅमची दोन पाकिटं. प्रत्येक पाकिटात १६ जीबीच्या दोन स्टिक, म्हणजे एकूण ६४ जीबी. दोन्ही पाकिटांवर मॉडेल नंबर एकच आहे.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा पंखे फिरले, पण स्क्रीन काळीच. बोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे मेमरीचा, पिवळा दिवा लागून राहिला. पाच मिनिटं थांबून बंद केला, परत चालू केला, असं तीन-चारदा झालं. शेवटी दोनच स्टिक ठेवल्या आणि चालू झाला. आता चारही लावल्यावर उशिरा का होईना येतो, पण वेग ३६०० दाखवतो. एक्स्पो, म्हणजे रॅम पाकिटावरच्या पूर्ण वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग, चालू केलं तर एक्स्पोर्ट अर्ध्यात असताना निळी स्क्रीन येते. काल एका हळदीच्या व्हिडिओत नवरीच्या चेहऱ्यावरून हिरवे पट्टे गेलेत. कॅमेऱ्याच्या कार्डावर ते नाहीत, तीनदा बघितलं. दुकानदार म्हणतात विंडोज नव्याने टाका. दोनदा टाकून झालं. रॅम खराब असेल की बोर्ड? लोकांच्या घरचं कार्य आहे हो, जीव टांगणीला लागलाय.

घाटमाथा
सगळ्या स्टिक काढा, सोनेरी टोकं खोडरबराने पुसा आणि परत घट्ट बसवा. माझं तेवढ्यावर भागलं होतं.

तपकीरगल्ली
प्रीतिसंगम दादा, बाकी सगळं नंतर. एक्स्पो आत्ताच बंद करा आणि ती कार्डं अजिबात फॉरमॅट करू नका. फाइल कॉपी होताना रॅममधूनच जाते. मेमरी चुकत असेल तर चूक फाइलमध्ये जाऊन बसते आणि तुम्हाला कळतही नाही. या पीसीवर उतरवलेलं सगळं फुटेज दुसऱ्या मशीनवर कार्डाशी ताडून बघा, चेकसम काढून, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या मजकुरावरून निघणारा आकडा दोन्हीकडे जुळतो का ते बघून. नुसती साइझ बघू नका.

आता मूळ प्रश्न. रॅम खराब आहे असं मला वाटत नाही. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, आणि ७६०० ला दोन स्टिकवर ५२०० व चार स्टिकवर ३६०० हा वेग कंपनीनेच लिहून दिलेला आहे. म्हणजे तुम्हाला दिसतोय तो ३६०० हा बिघाड नाही. पाकिटावरचा ६००० हा आकडा ओव्हरक्लॉकचा, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचा, आणि तोसुद्धा त्या पाकिटातल्या दोघींची जोडी धरून. बोर्डावर चॅनेल, म्हणजे प्रोसेसरपासून रॅमपर्यंतचे मार्ग, दोनच आहेत. एका चॅनेलच्या तारांवर दोन स्टिक आल्या की सिग्नल गढूळ होतो, वेग जितका जास्त तितका जास्त.

दुसरं, मॉडेल नंबर एक म्हणून आतली चिप एक असतेच असं नाही. सीपीयू-झेड हा पीसीच्या भागांची माहिती दाखवणारा प्रोग्राम उघडा, एसपीडी टॅबमध्ये एकेक स्लॉट निवडा आणि डीरॅम मॅन्युफॅक्चरर काय लिहिलंय ते बघा.

पिवळा दिवा म्हणजे मेमरी ट्रेनिंग. डीडीआर५ बोर्ड पहिल्यांदा प्रत्येक स्टिकचं टायमिंग जुळवत बसतो, चार असल्या तर कधी दहा मिनिटांच्याही वर. तुम्ही मध्येच बंद केलंत की त्याचे पुन्हा पाढे पंचावन्न. चहा प्यायला जा, पण बटणाला हात लावू नका.

तपासणी अशी करा. बोर्डाचं बायोस, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, नवीन टाका. मग एकच स्टिक ए२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या स्लॉटमध्ये, एक्स्पो बंद ठेवून. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्राम घेऊन चालवा (सुरू झालं नाही तर सिक्युअर बूट बंद करा). चारही स्टिक अशाच एकेक करून. मग एका पाकिटाची जोडी ए२ आणि बी२ (दुसरा आणि चौथा स्लॉट) मध्ये लावून, एक्स्पो चालू करून रात्रभर. रात्रभरात एक जरी चूक आली तरी नापास समजा.

घाटमाथा, नव्या रॅमला खोडरबर नको. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. परत बसवा हे मात्र बरोबर. कित्येक बोर्डांना खटका एकाच बाजूला असतो, दुसरं टोक अर्धवट वर राहिलेलं दिसत नाही. बोटाने दाबून खात्री करा.

संत्रानगरी
मी आर्किटेक्ट आहे, रेंडरिंगसाठी मलाही ६४ जीबी लागतं. सरळ ३२ च्या दोन स्टिकचं एक पाकीट घ्या. घेण्यापूर्वी बोर्डाच्या साइटवरच्या क्यूव्हीएल यादीत, म्हणजे कंपनीने त्या बोर्डावर तपासलेल्या रॅमच्या यादीत, पाकिटावरचा पूर्ण पार्ट नंबर शोधा, शेवटच्या अक्षरापर्यंत. तिथे त्या रॅमसमोर चार स्टिकचा रकाना रिकामा दिसला तर तिथेच उत्तर मिळालं.

घाटमाथा
एवढा खर्च कशाला? एक्स्पो न वापरता हाताने ५२०० लावून चारही चालवता येतील की.

तपकीरगल्ली
काहींचं चालतं. पण थंडीत चाललेलं एप्रिल-मेमध्ये बिघडलेलं मी दुरुस्तीला आलेल्या मशीनवर बघितलंय. गेमसाठी हरकत नाही. दुसऱ्याच्या लग्नाचं फुटेज त्यावर ठेवू नये, हे माझं ठाम मत. पैसे नसतील तर चारही ३६०० वर ठेवा आणि त्यातही रात्रभर टेस्ट करून घ्या. एडिटिंगला जागा कमी पडण्यापेक्षा वेग थोडा कमी परवडतो.

आणि संत्रानगरी ताई म्हणतात ते दोन स्टिकचं पाकीट मिळत असेल तर डोळे झाकून घ्या.

प्रीतिसंगम
सगळ्यांचे मनापासून आभार. निकाल सांगतो. चारही स्टिक एकेकट्या पास. दोन्ही जोड्या वेगवेगळ्या लावून ६००० वर रात्रभर पास. चारही एकत्र ६००० वर लावल्या तर वीस मिनिटांत चुकांची रांग लागली. ३६०० वर एकही नाही. सीपीयू-झेडमध्ये एका पाकिटात हायनिक्स निघाली, दुसऱ्यात वेगळ्याच कंपनीची चिप.

स्क्रीनचे फोटो घेऊन दुकानात गेलो. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वरचे पैसे घेऊन ३२ च्या दोन स्टिकचं पाकीट बदलून दिलं. यादीत पार्ट नंबर तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर बघितला. ए२ आणि बी२ मध्ये लावल्या, पिवळा दिवा लागला, हात मागे घेऊन बसलो. चार मिनिटांनी स्क्रीन आली. दोन रात्री टेस्ट झाली, चूक नाही.

जुन्या लॅपटॉपवर चेकसम काढले तेव्हा उतरवलेल्या फुटेजपैकी दोन क्लिप कार्डाशी जुळल्या नाहीत. त्यातली एक कन्यादानाची होती. कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून दोन्ही परत घेता आल्या.