मदत हवी आहे: संशोधनाचा डेटा ग्रंथालयात कसा जपावा?

ऐरोलीतल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या देशव्यापी ऑनलाइन संग्रहावर जातो, त्यामागचा डेटा मात्र पेन ड्राइव्हवरच राहतो. परवा ठाणे खाडीच्या पाण्याच्या तीन वर्षांच्या मोजमापांची फाइल उघडली, तर एका रकान्यावर नुसतं ‘क्षार २’. एकक नाही, भरती की ओहोटी तेही नाही. मोजणाऱ्या मुलीला फोन केला, तिलाही आठवेना. इतक्या मेहनतीचं असं व्हावं, फार वाईट वाटलं.

आता प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी फाइल, म्हणजे आत काय आहे नि रकान्यांचा अर्थ काय ते सांगणारं टिपण, सक्तीची केलीय. मोजमापं झेनोडोवर (संशोधनाच्या फाइली ठेवायच्या मोफत ऑनलाइन संग्रहावर) ठेवून डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, घेणार आहोत. तिथे एका नोंदीला मिळणारे ५० जीबी आम्हाला पुरतात.

अडलंय ते मुलाखतींपाशी. खाडीवरच्या कोळी बांधवांची ध्वनिमुद्रणं आहेत, पण संमतीपत्रात फक्त ‘प्रबंधासाठी’ असं लिहिलंय. नावं काढली तरी होडी नि पाड्याच्या उल्लेखावरून माणूस ओळखू येतो. स्वतःचा सर्व्हर नाही, वेगळा निधीही नाही. निम्म्या लोकांकडे पुन्हा जाता येईल, बाकीच्यांचा पत्ता नाही.

अशा वेळी वर्णनाची नोंद खुली आणि फाइली बंद, असं तुम्ही कोणी केलंय का? आणि पुढच्या वापराची परवानगी सोप्या मराठीत विचारणारा संमतीपत्राचा नमुना कोणाकडे आहे का?