आईला एक दिवस वारीत चालायचंय. कुठला टप्पा झेपेल?

शुभदा_कोथरूड
आई ६७ वर्षांची आहे. माऊलींची पालखी पुण्यात आली की दरवर्षी ती रस्त्याच्या कडेला उभी राहून राजगिऱ्याचे लाडू वाटते. यंदा म्हणाली, "वाटून झालं पुष्कळ, आता एकदा चालू दे." गुडघा दुखतो, पण घरकाम सगळं करते, रोज तळ्यापर्यंत फिरायला जाते. सगळे पुणे ते सासवड सुचवतायत. जमेल का तिला?

माळावरचा
ताई, सासवडच करा. दिवेघाट चढताना मागे वळून पाहिलं की वाटेवर नुसत्या पताकाच पताका. ते एकदा बघायलाच हवं.

लोणंदची_सून
दादा म्हणतात ते दृश्य खरंच आहे, पण शुभदाताई, आईंना तिथे नेऊ नका. पुणे-सासवड तीस किलोमीटरच्या वर जातं, सगळ्या वाटचालीतला मोठा टप्पा तो. त्यात एकादशी येते, म्हणजे पोटात साबुदाणा नाहीतर केळं. आणि घाट लागतो तो हडपसर, वडकी ओलांडून, पाय थकल्यावर. तिथून मागेही फिरता येत नाही.

आईंना लोणंद ते तरडगाव चालवा. अंतर आठेक किलोमीटर, रस्ता सपाट. पालखी दुपारी निघते, म्हणून पुण्याहून मिरजेच्या बाजूची गाडी धरून सकाळीच लोणंदला उतरता येतं. वाटेत चांदोबाचा लिंब लागतो. माऊलींच्या वाटेवरचं पहिलं उभं रिंगण तिथेच होतं. लोणंदचा मुक्काम तिथीप्रमाणे कमीजास्त होतो, तेवढं यंदाचं वेळापत्रक पाहून घ्या.

मी इथे सून म्हणून आले त्याला बावीस वर्षं झाली. आमच्या अंगणात एक दिंडी उतरते. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा, बस. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर भाकरी थापल्या, चालल्या कधीच नाहीत. त्यांना सत्तरावं लागलं तेव्हा मी म्हटलं, आत्याबाई, आज चूल जावा बघतील. तशाच निघाल्या, पदर खोचलेला, बोटांना पीठ.

आमच्या दिंडीचे विणेकरी म्हणाले, "माऊली, बायकांच्या रांगेत तुळशीवालीच्या मागं चाला." त्या बाईच्या डोक्यावर वृंदावन होतं आणि एकदाही हात वर गेला नाही. आत्याबाई तिच्या टाचांकडे बघत चालल्या. भेगांत मेण भरलेलं. मधेच म्हणाल्या, "हिचं पाऊल पडतंय तिथंच मी टाकतेय, मग दमायला होत नाही."

लिंबाशी दिंड्या रस्त्यावर समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहतात आणि मधून अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा माऊलींचा, त्याच्यावर कुणी बसत नाही. आईंना दुसऱ्या रांगेत ठेवा, पहिल्या नको. अश्व गेले की टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे एकदम वाकतात, तेव्हा त्यांचा दंड घट्ट धरा. आत्याबाई वाकल्या आणि चष्मा गेला. पायांच्या त्या गर्दीत कुठे शोधणार?

तरडगावच्या तळावर समाजआरतीला थांबलो. ती मात्र चुकवू नका. पालखी मध्ये, भोवती दिंड्या, हजारो टाळ वाजत असतात. चोपदारांनी दंड उंच केला की सगळे टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती वाजवतच राहते, मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्याचा पुकारा होतो. कुणाची पिशवी, कुणाचं पाकीट, आणि मग "काळ्या काडीचा चष्मा, डाव्या काडीला दोरा गुंडाळलेला". दोरा मीच गुंडाळला होता. आत्याबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. त्या आज नाहीत. चष्मा देवघरात आहे, काचेवरची माती मी पुसलेली नाही.

शुभदा_कोथरूड
आईला वाचून दाखवलं. बराच वेळ बोलली नाही. ठरलं, तरडगाव. दोन प्रश्न: पायात काय घालू, आणि बायकांची सोय कशी असते?

लोणंदची_सून
नवीन बूट मुळीच नकोत, रोजच्या वापरातलीच चप्पल किंवा बूट. रात्री तळव्यांना खोबरेल. तळाजवळ फिरती शौचालयं लावलेली असतात, पण मधल्या वाटेवर भरवसा नको, म्हणून लोणंदमध्येच आमच्या घरी उरकून निघा. बायका लाजेपायी पाणी पीत नाहीत आणि उन्हात चक्कर येते, दरवर्षी बघते मी. गुडघ्याला पट्टा बांधा. परतीला गाडी लगेच मिळेल असं धरू नका, पालखीपायी वाहतूक दुसरीकडून वळवतात.

माळावरचा
ताई, माझा सल्ला मागे घेतो. माझीही आई ७१ ची आहे. दोघींना एकत्रच नेऊ या का?

शुभदा_कोथरूड
नक्की. आई आत्ताच चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळत बसलीय. लाल घेतलाय, लांबून ओळखू यावा म्हणून.