जेम्स हॅरिसन: स्टीलर्समध्ये 2002 ला, नियमित जागा 2007 ला. मधली वर्षं कशात गेली?

गोललाइन
एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधला बाहेरचा लाइनबॅकर (बचावफळीच्या कडेला उभा राहणारा) जेम्स हॅरिसन, त्याच्या कारकिर्दीचा हिशोब लावून बघतोय. केंट स्टेट विद्यापीठातून आला, 2002 च्या ड्राफ्टमध्ये (संघ फेऱ्याफेऱ्यांनी नवे खेळाडू निवडतात त्यात) कुणीच घेतलं नाही, म्हणून सुटा करार करून पिट्सबर्ग स्टीलर्सकडे गेला. कायमचा स्टार्टर (सुरुवातीपासून मैदानात उतरणारा) झाला तो 2007 मध्ये. लगेच 2008 मध्ये 16 सॅक (क्वार्टरबॅकला, म्हणजे पास टाकणाऱ्याला, पास टाकण्याआधीच पाडणं) आणि लीगच्या सर्वोत्तम बचावपटूचा मान, जो ड्राफ्ट न झालेल्या खेळाडूला त्याआधी कधीच मिळाला नव्हता. मला तीन गोष्टी उलगडत नाहीत. एवढा ताकदीचा होता तर इतकी वर्षं बाकावर का? सहा फूट उंची या जागेला कमी समजतात, मग समोरच्यांना तो आवरत का नव्हता? आणि 2009 मध्ये सहा वर्षांचा करार देणाऱ्या संघाने 2013 मध्ये त्याला सोडलं कसं?

तिसरा डाऊन
नुसता बाकावर बसून नव्हता. आधी तर संघातच टिकत नव्हता. स्टीलर्सनी घेतलं, सोडलं, परत घेतलं. मग बाल्टिमोर रेव्हन्सनी घेऊन 2004 च्या वसंतात एनएफएल युरोपच्या राइन फायर संघात खेळायला पाठवलं आणि नंतर त्यांनीही काढलं. त्याच उन्हाळ्यात स्टीलर्सच्या क्लार्क हॅगन्सच्या हाताला दुखापत झाली, एक लाइनबॅकर कमी पडला आणि हॅरिसनला पुन्हा बोलावणं आलं.

ड्राफ्ट न झालेल्याची अडचण अशी की त्याच्यात संघाचा पैसा गुंतलेला नसतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला शिकायला दोन-तीन वर्षं मिळतात. याला काढणं एका सहीचं काम. रोस्टरवर (संघाच्या यादीत) जागा 53 आणि सामन्याच्या दिवशी त्यातलेही काही जण कपडे न बदलता बाजूला बसतात. त्यामुळे राखीव लाइनबॅकरने किकऑफ आणि पंटच्या (लाथेने चेंडू समोरच्या संघाकडे देण्याच्या) तुकड्यांत स्वतःची किंमत दाखवावीच लागते. त्या काळी किकऑफवर पूर्ण वेगात धावायचं, आपली लेन (धावायची ठरलेली पट्टी) सोडायची नाही, अडवणाऱ्याला चुकवलं की पुन्हा लेनमध्ये यायचं. लेन सोडली की चेंडू घेऊन परतणाऱ्याला मधोमध वाट मिळते. हॅरिसनची पहिली वर्षं मुख्यतः याच कामाची.

दुसरं कारण प्लेबुक, म्हणजे संघाने आखलेल्या खेळींचं पुस्तक. डिक लबो 2004 मध्ये बचावाचे प्रशिक्षक म्हणून परतले. त्यांच्या झोन ब्लिट्झमध्ये बाहेरचा लाइनबॅकर एका खेळीत क्वार्टरबॅकवर धावून जातो, तर पुढच्या खेळीत तसंच उभं राहून मागे सरकतो आणि पासची वाट रोखतो. एकाने चुकीचं ऐकलं की मैदानाचा मोठा तुकडा उघडा पडतो. इथे नुसत्या ताकदीचा उपयोग नाही. शिवाय त्या जागेवर जोई पोर्टर होता. 2007 च्या मार्चमध्ये संघाने पोर्टरला सोडलं, तेव्हा जागा मोकळी झाली.

प्लेबुक किती पचलं होतं ते सुपर बोल 43 मध्ये, म्हणजे 2008 च्या मोसमाच्या अंतिम सामन्यात दिसलं. पहिल्या हाफची शेवटची 18 सेकंद, ॲरिझोनाचा संघ स्टीलर्सच्या गोललाइनच्या (जी ओलांडली की गुण मिळतात) तोंडाशी. बोलावलेली खेळी ब्लिट्झची, म्हणजे हॅरिसनने धावून जायचं. त्याने तसा आव आणला आणि मागे सरकला, कारण ॲरिझोनाचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर चेंडू झटकन आतल्या बाजूला टाकणार हे त्याने ओळखलं. पास अडवून 100 यार्ड पळाला. 10-7 चं 17-7 झालं. स्टीलर्सनी सामना 27-23 ने जिंकला.

कडेचा रशर
उंचीबद्दल. आधी एक घोळ मिटवतो: पाडणं या अर्थाचा टॅकल वेगळा आणि आक्रमणाच्या फळीत कडेला उभा राहणारा टॅकल वेगळा. हा दुसरा साडेसहा फुटांच्या आसपास, 140 किलोचा. त्याला पंजे रशरच्या (क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्याच्या) छातीवर टेकवायचे असतात. हॅरिसन 110 किलोचा, आधीच बुटका आणि त्यात खांदा खाली घालून वळणारा. त्याची छाती सापडतच नसे.

क्रम असा: पहिली दोन-तीन पावलं सरळ बाहेर, म्हणजे टॅकल मागे झुकत सरकतो. मग आतला हात त्याच्या काखेखालून वर उपसायचा, गुडघे आणि घोटे वाकवून क्वार्टरबॅककडे वळायचं. टॅकल वेगाला घाबरून मागे जास्त झुकला, तर पुढच्या खेळीत वळायचंच नाही; तळवे त्याच्या छातीखाली घालून सरळ मागे ढकलायचं. दोन्ही चाली सुरुवातीला सारख्याच दिसल्या पाहिजेत, धोका त्यातच आहे.

नवखे चुकतात ते वळण उशिरा घेऊन. क्वार्टरबॅकच्याही मागे निघून गेलात की त्याला दोन पावलं पुढे सरकायला मोकळी जागा मिळते. हॅरिसन पोचल्यावर एक हात चेंडूवरच मारायचा. 2008 मध्ये त्याने सात फंबल (हातातला चेंडू निसटणं) करायला लावले. माझ्या मते सॅकपेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे.

हिशेबनीस
कराराचं सोपं आहे. 2009 चा करार सुमारे 5 कोटी 10 लाख डॉलरचा, पण सगळी रक्कम हमीची नसते. सही-बोनस लगेच हातात पडतो, मात्र सॅलरी कॅपच्या (संघाच्या वर्षाच्या पगारखर्चावरच्या मर्यादेच्या) हिशोबात तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच, समान वाटला जातो. समजा बोनस 2 कोटींचा आणि करार चार वर्षांचा: दरवर्षी 50 लाख. दोन वर्षांनी काढलं तर उरलेले 1 कोटी एकदम त्या वर्षाच्या कॅपवर येतात. 1 जूननंतर काढलं तर 50 लाख त्या वर्षी, 50 लाख पुढच्या. म्हणून मोठ्या करारातून खेळाडू सुटतो तो बहुधा शेवटच्या दोन वर्षांत. तेव्हा पगार चढलेला असतो आणि कॅपवर राहणारं ओझं कमी. 2013 च्या मार्चमध्ये हॅरिसन 35 ला टेकला होता आणि पगारकपातीवर एकमत झालं नाही.

तो तिथे संपला मात्र नाही. 2013 सिनसिनाटीत, 2014 मध्ये निवृत्ती जाहीर करून काही आठवड्यांतच पुन्हा स्टीलर्सकडे, कारण त्यांचा लाइनबॅकर जार्व्हिस जोन्स जखमी झाला होता. डिसेंबर 2017 मध्ये पुन्हा सोडल्यावर न्यू इंग्लंड. शेवट एकूण 84.5 सॅकवर.

तिसरा डाऊन
त्यातल्या 80.5 स्टीलर्ससाठी. तो तेव्हा संघाचा विक्रम होता, पुढे टी. जे. वॉटने मोडला. फक्त स्टीलर्सचा 1970 च्या दशकातला बचावपटू जो ग्रीन, त्याच्या काळाशी तुलना करू नका. सॅकची अधिकृत नोंद 1982 पासूनच आहे.