कॉलेजची मेल थंडरबर्डमध्ये घेता येईल का?

बी-३०४, रात्री ८:५२
नमस्कार मंडळी 🙏 कॉम्प्युटरमधलं कळणारं कोणी आहे का ग्रुपवर? आमच्या कॉलेजच्या ऑफिसची मेल घरच्या लॅपटॉपवर थंडरबर्डमध्ये घ्यायचीय, तो मेल वाचायचा प्रोग्रॅम. ब्राउझरमधून उघडते, पण नेट जरा गेलं-आलं की परत लॉगिन मागते. काल ऑडिटरना लिहिलेलं अर्धं पत्र त्यातच गेलं. थंडरबर्ड म्हणतं युजरनेम नाहीतर पासवर्ड चुकीचा. पासवर्ड तोच आहे, तीनदा बघून टाकला.

ए-७०२, ८:५८
पॉप ठेवा. आम्ही बँकेत असल्यापासून पॉपच वापरतोय. सगळी मेल आपल्या मशीनवर येते, नेट नसलं तरी वाचता येते. एकदम सेफ.

डी-५०३, ९:०१
काका, तेवढं सोडून काहीही सांगा.

डी-५०३, ९:०६
मी लायब्ररीत असताना घरच्या मशीनवर पॉप लावलं होतं. पहिले दोन आठवडे सगळं छान. नंतर एकदा कॉलेजात वेबमेल, म्हणजे ब्राउझरमधली मेल, उघडली तर जुन्या मेलचा पत्ताच नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाशी मी कडाकडा भांडलो, की तुम्हीच उडवल्यात. त्यानं काही केलं नव्हतं. माझाच प्रोग्रॅम रोज मेल घरी उतरवत होता आणि १४ दिवस झाले की सर्व्हरवरची प्रत काढून टाकत होता. पुढे पावसाळ्यात घरची हार्ड डिस्क गेली. तीन वर्षांचा जर्नल वर्गणीचा पत्रव्यवहार तिच्याबरोबर.

ए-७०२, ९:०८
अरेरे. पण मला कधी असं झालं नाही.

सी-१०१, ९:१५
कारण काका, तुम्ही वेबमेल उघडतच नाही 😀 आउटलुक काय, थंडरबर्ड काय, पॉप निवडलं की "१४ दिवसांनी सर्व्हरवरून काढा" ही खूण बहुतेक वेळा आधीच केलेली असते. ती कोणी वाचत नाही. सरांचं बरोबर आहे. ताईंची मेल ऑफिसची आहे, ऑफिसातही दिसायला हवी, फोनवरही. म्हणून आयमॅप, त्यात मेल सर्व्हरवरच राहते.

सी-१०१, ९:१६
ताई, वेबमेलचं पान कसं दिसतं? वर जीमेल लिहिलंय, की मायक्रोसॉफ्टचं आहे, की आणखी काही?

बी-३०४, ९:१९
राउंडक्यूब असं लिहिलंय. निळसर आहे.

सी-१०१, ९:२४
मग सोपं आहे. तुमच्या कॉलेजचं होस्टिंग बहुतेक सीपॅनेलवर असणार, म्हणजे सर्व्हर सांभाळायच्या नेहमीच्या प्रोग्रॅमवर. मी होस्टिंगच्या सपोर्टलाच आहे, रोज रात्री हेच सांगतो. लिहून घ्या.

नवीन खातं जोडताना नाव, ईमेल, पासवर्ड टाकल्यावर खाली "स्वतः सेटिंग भरा" असा पर्याय येतो, तो घ्या. येणाऱ्या मेलसाठी आयमॅप, सर्व्हरचं नाव "मेल डॉट" आणि पुढे कॉलेजचं डोमेन, पोर्ट ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्या मेलसाठी तेच सर्व्हरचं नाव, पोर्ट ४६५, सुरक्षा तीच. ४६५ नाही चाललं तर ५८७ आणि स्टार्टटीएलएस. २५ च्या वाटेला जाऊ नका, घरच्या ब्रॉडबँडवर तो बऱ्याचदा अडवलेला असतो.

आणि आता तुमची चूक कुठे असेल ते. युजरनेमच्या चौकटीत थंडरबर्ड कधी कधी फक्त ॲटच्या आधीचा भाग भरतं. तिथे पूर्ण ईमेल पत्ता हवा. येणाऱ्यात पण, जाणाऱ्यात पण. पासवर्ड बरोबर असून "पासवर्ड चुकीचा" म्हणतं ते बहुतेक यामुळेच.

सेक्रेटरी, ९:२६
सूचना: उद्या रविवारी सकाळी ९ ते १२ पाण्याची टाकी धुतली जाणार आहे. सर्वांनी पाणी भरून ठेवावे.

बी-३०४, ९:३१
[फोटो]
हे बघ, असंच ना?

सी-१०१, ९:३१
ताई फोटो काढा!! डोळ्याच्या चिन्हावर क्लिक झालंय, पासवर्ड दिसतोय

बी-३०४, ९:३२
हा मेसेज डिलीट केला

सी-१०१, ९:३३
डिलीट केला तरी चार विंगांनी बघितला असेल. आधी वेबमेलमधून पासवर्ड बदला, मग पुढचं.

बी-६०१, ९:३५
मी नाही बघितला हो. काय होता?

ए-२०४, ९:४०
एवढा खटाटोप कशाला? विंडोजमध्ये नवीन आउटलुक आधीच असतं. ईमेल-पासवर्ड टाका, झालं.

सी-१०१, ९:४६
दादा, तुमच्या कंपनीची मेल मायक्रोसॉफ्टकडेच आहे, तिथे ठीक. पण नवीन आउटलुकमध्ये असं बाहेरचं आयमॅप खातं जोडलं की ते लॅपटॉपवरून सरळ कॉलेजच्या सर्व्हरशी बोलत नाही. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमार्फत मेल येते-जाते, पासवर्डही तिकडे जातो. कॉलेजला ते चालणार आहे का, हे ताईंनी परस्पर ठरवायचं नसतं.

ए-२०४, ९:५०
हे माहीत नव्हतं. आमच्याकडे मात्र उलटा त्रास. १ ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टनं नुसत्या पासवर्डवर मेल घेणं बंद करायला सुरुवात केली. थंडरबर्ड लावायचं तर आधी ब्राउझरसारखी खिडकी उघडते, त्यात लॉगिन, फोनवर मंजुरी, आणि वर "ॲडमिनची परवानगी लागेल". ती परवानगी मला आजतागायत मिळालेली नाही.

सी-१०१, ९:५३
ती ओऑथची पद्धत. जीमेलचंही तसंच, ३० मे २०२२ पासून साधा पासवर्ड चालत नाही. ओऑथ घ्या, नाहीतर १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढा. ताईंचा सर्व्हर जुन्या वळणाचा आहे म्हणून साध्या पासवर्डवर भागतंय.

ए-७०२, ९:५५
यावरून आठवलं. माझं ते विंडोजमधलं मेल नावाचं ॲप मेल पाठवतच नाही.

सी-१०१, ९:५६
ते ३१ डिसेंबर २०२४ ला बंदच केलं काका.

ए-७०२, ९:५७
मला कोणी सांगितलं नाही.

बी-३०४, १०:०४
पासवर्ड बदलला. पूर्ण पत्ता टाकला. आलं!!! इनबॉक्स दिसतोय 🙏🙏 पण एक पिवळी सूचना आली होती, सर्टिफिकेटचं काहीतरी. मी "मान्य" केलं.

सी-१०१, १०:०७
पुढच्या वेळी आंधळेपणानं मान्य करू नका. त्यात नाव कोणाचं आहे ते वाचायचं. बहुतेक वेळा होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरचं असतं, तसं असेल तर कॉलेजात विचारून सर्व्हरच्या चौकटीत तेच नाव लिहायचं, म्हणजे सूचनाच येत नाही. भलतंच नाव असेल तर तिथेच थांबायचं.

बी-३०४, १०:२९
अरे, गेलं परत! आता म्हणतंय सर्व्हरशी जोडणीच होत नाही. आणि वेबमेलचं पान पण उघडत नाही. बाकी नेट चालू आहे, यूट्यूब लागतंय.

सी-१०१, १०:३०
वायफाय बंद करून मोबाइल डेटावर वेबमेल उघडून बघा.

बी-३०४, १०:३२
उघडली!

सी-१०१, १०:३६
म्हणजे सर्व्हर ठीक आहे, त्यानं तुमच्या घरालाच दाराबाहेर काढलंय. एकाच ठिकाणाहून चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा आला की फायरवॉल तो आयपी, म्हणजे त्या नेट जोडणीचा नंबर, अडवते. संध्याकाळी तुम्ही तीनदा टाकलात, पण तेवढ्यानं नाही होत. दुसरं काहीतरी मारा करतंय. घरात आणखी कुठे ही मेल घातलीय का? फोन?

बी-३०४, १०:३७
फोनमध्ये आहे, पण त्यात नवीन पासवर्ड लगेच टाकला.

डी-५०३, १०:३८
जुना फोन? टॅब?

बी-३०४, १०:४४
अगंबाई. लॉकडाउनमध्ये मुलाच्या टॅबवर घातली होती. तो टॅब कपाटावर, चार्जिंगला लावलेला. तुम्ही म्हणालात म्हणून जाऊन बघितलं, वर लाल उद्गारचिन्ह.

सी-१०१, १०:४६
हाच तो. तुम्ही पासवर्ड बदललात ते त्याला कोण सांगणार? तो बिचारा काही मिनिटांनी जुना पासवर्ड घेऊन जातोय आणि मार खातोय. टॅबमधून खातं काढा. पासवर्ड बदलायला मीच लावलं, म्हणजे थोडं पाप माझ्याकडे.

सी-१०१, १०:४७
आणि आता पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका, बंदी वाढते. काही वेळानं आपोआप सुटेल. नाही सुटली तर कॉलेजचा सर्व्हर बघणाऱ्याला फोन करून घरचा आयपी सांगा, तो यादीतून काढेल.

डी-५०३, १०:५२
मूळ मुद्दा राहिलाच. ऑफिसची मेल घरी उतरवायला प्राचार्यांची हरकत नाही ना? आमच्या वेळी तोंडी विचारलं तरी पुरे होतं. त्यात विद्यार्थ्यांच्या फीचे तपशील असणार.

बी-३०४, १०:५५
विचारलंय सर. ते म्हणाले लॅपटॉप घरात बाकी कोणी वापरत नसेल तर घ्या. आता मुलगा वापरतो 😬

सी-१०१, ११:०१
मग दोन गोष्टी. थंडरबर्डमध्ये साठवलेले पासवर्ड कोणीही सेटिंगमध्ये जाऊन उघडे वाचू शकतो, तुम्ही "मास्टर" पासवर्ड लावला नसेल तर. नव्या आवृत्तीत त्याला प्रायमरी पासवर्ड म्हणतात. तो लावा. दुसरं, मुलाला विंडोजमध्ये वेगळं लॉगिन करून द्या. मेलची प्रत डिस्कवर पडलेली असते, तुमच्या लॉगिनमध्ये बसलेल्याला ती दिसते.

ए-७०२, ११:०४
मला आता नीट कळलं. पॉप म्हणजे पैसे काढून आणून घरच्या कपाटात ठेवायचे. आयमॅप म्हणजे पैसे बँकेतच, आपण फक्त पासबुक भरून आणायचं.

सी-१०१, ११:०५
काका एक नंबर! फक्त या पासबुकात खोडलं की बँकेतलंही खोडलं जातं. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केली की ती वेबमेलमधून पण गेली.

ए-७०२, ११:०६
मग ती कसली बँक.

बी-६०१, ११:१०
उद्या पाणी नक्की कधी बंद आहे? वर बरंच काय काय आलंय, सापडत नाही.

सेक्रेटरी, ११:११
९ ते १२. कृपया ग्रुपवर सोसायटीचे विषय घ्यावेत.

डी-५०३, ११:१३
चारशे रुपयांची टाकीची पावती तुम्हीच मेलवर पाठवता ना साहेब? मग हा सोसायटीचाच विषय.

बी-३०४, रविवार सकाळी ८:२०
सुटली बंदी! आता वायफायवर पण चालतंय. एकच शंका, मी काल ऑफिसातून पाठवलेल्या मेल थंडरबर्डच्या "सेंट"मध्ये नाहीत. आणि आज इथून पाठवलेली वेबमेलच्या सेंटमध्ये नाही.

सी-१०१, ८:४१
दोघांनी दोन वेगळी सेंट फोल्डरं धरलीत. खात्याच्या सेटिंगमध्ये "प्रती आणि फोल्डर" आहे, तिथे पाठवलेल्या मेलची प्रत कुठे ठेवायची ते विचारतं. लोकल फोल्डर नको, कॉलेजच्या खात्यातलं सेंट निवडा. ते यादीत दिसत नसेल तर खात्याच्या नावावर राइट क्लिक, सबस्क्राइब, आणि त्याच्यापुढे खूण करा.

बी-३०४, ८:५०
झालं! दोन्हीकडे दिसतंय. तुझ्यासाठी पुरणपोळी ठेवलीय, येऊन घेऊन जा.

ए-७०२, ८:५३
माझ्याकडे २००९ पासूनची मेल पॉपवर आहे. ती पण बँकेत टाकायचीय. आज येतोस का?

सी-१०१, ८:५५
काका, नाइट करून आलोय. तोपर्यंत जुनं खातं काढू नका, काही डिलीट करू नका. आधी सगळ्याची पेनड्राइव्हवर प्रत. नवीन आयमॅप खातं शेजारी उभं करायचं आणि एकेक वर्षाचं फोल्डर ओढून तिकडे टाकायचं, पण सर्व्हरवर तुमचा कोटा किती आहे ते बघून. दुपारी येतो.

ए-७०२, ८:५६
ये. चहा टाकतो.

सी-१०१, ८:५७
१२ नंतर टाका. आत्ता पाणी जाईल.