घोडबंदर रस्ता : हिवाळ्यापूर्वी गीझरची देखभाल, व्हॉल्व्हमधील गळती आणि अ‍ॅसिड वॉश यांविषयी मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही कासारवडवलीला 22 मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. घरी 25 लिटरचा, 2 किलोवॅटचा साठवण गीझर असून त्याच्या टाकीला आतून काचेचा लेप आहे. त्याला सहा वर्षे झाली आहेत. ठाण्यात थंडी ती कितीशी, हे मान्य आहे. परंतु सासूबाईंना संधिवात असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पहाटे गरम पाण्यावाचून चालत नाही, म्हणून आताच त्याची तपासणी करून घ्यावी असा विचार आहे.

महापालिकेचे पाणी कमी पडले की सोसायटी टँकरचे आणि बोअरवेलचे पाणी त्याच टाकीत सोडते, त्यामुळे शॉवरच्या छिद्रांवर पांढरी खपली धरते. गेल्या आठवड्यात गीझर लावला तेव्हा लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज येऊ लागला. शिवाय थंड पाण्याच्या जोडणीवरील सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते, आणि तेही गीझर बंद असताना, विशेषतः रात्री.

तपासायला आलेल्या कारागिराने अ‍ॅसिड वॉश सुचवला व व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच मारून देतो असे सांगितले. दुसरी सूचना मला मुळीच पटलेली नाही. जाणकारांनी कृपया सांगावे : हा आवाज धोक्याचा आहे का, अ‍ॅसिडने टाकीचे नुकसान होते का, आणि अ‍ॅनोड रॉड (टाकीला गंज लागू नये म्हणून आत बसवलेली धातूची कांडी) बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

प्रतिसाद :

बूच मारू दिले नाहीत हे उत्तम झाले. पाणी 20 अंशांवरून 70 अंशांपर्यंत तापले की त्याचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणजे आपल्या टाकीत साधारण अर्धा लिटर पाणी जास्तीचे होते. जोडणीत पाणी मागे जाऊ न देणारी झडप असेल तर त्याला बाहेर पडायला सेफ्टी व्हॉल्व्ह हाच मार्ग उरतो. म्हणून गीझर तापताना व्हॉल्व्ह ठिबकणे स्वाभाविक आहे. गीझर गार असताना ठिबकणे मात्र नाही.

गच्चीवरील टाकी आपल्यापासून अठरा मजले वर, म्हणजे अंदाजे 55 मीटर उंचीवर असेल, आणि दर 10 मीटरला सुमारे 1 बार या हिशेबाने दाब 5.5 बारच्या आसपास येतो. रात्री कोणी नळ वापरत नसल्यामुळे तो पूर्ण जाणवतो. घरगुती गीझरचे व्हॉल्व्ह बहुधा 8 बारला उघडतात, तेव्हा आपल्या व्हॉल्व्हच्या बैठकीत क्षार अडकला असण्याचीच शक्यता अधिक वाटते. तरीही प्लंबरकडून दाब मोजून घ्यावा आणि दाब योग्य निघाल्यास व्हॉल्व्ह नवा बसवावा.

आवाज पाणी तापवणाऱ्या कॉइलवरील क्षाराच्या थराचा आहे. थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ती फुटते. त्यात लगेच धोका नाही, पण कॉइल प्रमाणाबाहेर तापून लवकर जळते. बाजारातले तीव्र अ‍ॅसिड वापरू देऊ नये. लेपाला बारीक तडा असल्यास ते थेट पत्र्याला लागते. कॉइल काढून सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट द्रावणात बुडवली की थर सुटतो. टाकीच्या तळाचा गाळ साध्या पाण्याने धुवावा.

अनेक मॉडेलांत अ‍ॅनोड रॉड कॉइलच्याच फ्लँजवर (कॉइल टाकीला जोडणाऱ्या चकतीवर) असतो, त्यामुळे तो त्याच वेळी पाहता येईल. मॅग्नेशियमचा हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो. अर्ध्याहून अधिक झिजला असेल, किंवा आतली तार दिसू लागली असेल, तर बदलावा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात तो लवकर संपतो, म्हणून आपण दरवर्षी पाहिलेला बरा. फ्लँज उघडल्यावर गॅस्केट (सांध्यातून गळती रोखणारी रबरी चकती) नवेच घालावे.

हे सारे काम एमसीबी बंद करून करावे व अर्थिंगही तपासून घ्यावे. शेवटी टाकी भरताना गरम पाण्याचा नळ उघडा ठेवावा आणि त्यातून हवेविना सलग धार आल्यावरच गीझर चालू करावा. त्याआधी बटण दाबल्यास कॉइल कोरडी तापून जळते.