सेंद्रिय लसूण पूड : पावसाळ्यात सादळते आणि आमटीत कडवट लागते

फोडणीचा_भात, माहीम
आम्ही दोघेही सकाळी सातला घराबाहेर पडतो. लसूण सोलण्याचा वेळ वाचावा म्हणून जूनच्या सुरुवातीस सेंद्रिय लसूण पुडीची अर्धा किलोची बरणी घेतली. महिनाभरात ती सादळून तिचा दगड झाला आणि आमटीच्या फोडणीत घातली की कडवट लागते. इतकी महाग, तीही सेंद्रिय, असे असून असे का व्हावे? आणि एका पाकळीऐवजी किती घालावी?

पाटावरवंटा
कडवटपणाचा दोष पुडीकडे नाही, फोडणीकडे आहे. ताज्या पाकळीत निम्म्याहून अधिक पाणी असते, म्हणून ती तेलात तांबूस व्हायला अवधी घेते. पुडीत पाणी जवळजवळ नसल्याने ती काही क्षणांत करपते. लसणाचा वास पाकळीत तयार नसतो, ती चिरडल्यावर अ‍ॅलिइन या घटकावर एका एन्झाइमची क्रिया होऊन तो जन्मतो. बेताच्या उष्णतेवर वाळवलेल्या पुडीत हे एन्झाइम टिकून राहते आणि पाणी मिळताच पुन्हा कामाला लागते. मात्र आंबटपणाने ते मंदावते. म्हणून पूड आधी दोन चमचे साध्या पाण्यात दहा मिनिटे भिजवावी आणि चिंच किंवा कोकम घालण्यापूर्वी आमटीत सोडावी. एका पाकळीला चहाच्या चमच्याचा आठवा भाग पुरतो.

वाशीचा_व्यापारी
‘सेंद्रिय’ हा शब्द रासायनिक खत व कीटकनाशकांविना केलेल्या शेतीविषयी आणि पुढच्या प्रक्रियेविषयी बोलतो, वासाच्या तीव्रतेविषयी नाही. पाकिटावर ‘जैविक भारत’सारखे सेंद्रिय मालाचे सरकारी चिन्ह आणि प्रमाणपत्राचा तपशील पाहावा. आमच्या वाशीत २००० सालापासून मसाले गॅमा किरणांनी निर्जंतुक करणारे सरकारी केंद्र आहे, पण सेंद्रिय मालाला ती प्रक्रिया चालत नाही. त्यामुळे अशी पूड कोरडी ठेवण्याची जबाबदारी अधिकच घेणाऱ्यावर येते. शिवाय मुंबईच्या पावसाळ्यासाठी अर्धा किलो घेणे, क्षमा करा, धाडसच आहे. पन्नास ग्रॅम घ्या.

फोडणीचा_भात
उकळत्या पातेल्यावर बरणी धरून पूड शिंपडण्याची माझी सवय आता लक्षात आली. जमलेला गोळा फेकून द्यावा काय?

पाटावरवंटा
वाफ थेट बरणीत जाते, हेच मूळ कारण. गोळा नुसता घट्ट असेल आणि वास स्वच्छ असेल तर खलबत्त्यात कुटून लवकर संपवावा. कुबट वास किंवा बुरशीचा ठिपका दिसल्यास मोह नको. नवी पूड काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, गॅसपासून दूर ठेवावी आणि चमचा कोरडाच घालावा.

सुका_बोंबील
थालीपिठाच्या भाजणीत, भाजलेल्या शेंगदाण्यांवर किंवा माशाला लावायच्या रव्यात पूड उत्तम मिसळते, कारण तिथे ओल नकोच असते. वडापावच्या सुक्या चटणीला मात्र मी सालीसकट ठेचलेला लसूणच घेतो. पुडीची चटणी खाऊन पाहिली आहे, तिला ठसका नाही.